इटालियनमध्ये घरच्यांबद्दल बोलताना: 'मीओ-मीआ'च्या आधी 'इल-ला' कधी लावायचं, आणि काका-मामा-आत्याला म्हणायचं काय?

पेठेतली_शिकाऊ

नमस्कार. इटालियनच्या ए-१ म्हणजे सगळ्यात सुरुवातीच्या पातळीची तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. 'ला मीआ फामील्या' म्हणजे 'माझं कुटुंब' यावर दीड-दोन मिनिटं बोलायचं आहे. पुस्तकातलं कुटुंब आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी आणि कुत्रा एवढ्यावर संपतं. इथे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरात आठ माणसं: आजी, आई-वडील, काका-काकू, त्यांची मुलगी, भाऊ आणि मी. शिवाय इचलकरंजीला दिलेली आत्या. हे सगळं बसवायचं कसं?

कच्चा मजकूर देवनागरीतच टाकते:

"ला मीआ फामील्या ए ग्रांदे. नोई सियामो ऑत्तो. इल मीओ पाप्पा सोनो कोंतादीनो. ला मीआ माद्रे ए माएस्त्रा. मीओ फ्रातेल्लो ए २२ आन्नी. मीआ नॉन्ना आन्नो ७८ आन्नी. मिएई द्झीइ आबितानो कोन नोई. ला लोरो फील्या ए मीआ सोरेल्ला. ई मिएई पारेंती सोनो ब्रावी."

'इल' आणि 'ला' कुठे लावायचं, कुठे नाही, हेच मुळात कळत नाही. कधी लावलं की चूक, कधी नाही लावलं की चूक.


व्याकरणवाला_राजारामपुरी

ताई, मजकूर वाईट नाही. बहुतेक चुका मराठीतून आल्यात, म्हणून दुरुस्त करायला सोप्या आहेत.

आधी जमेची बाजू. 'माझा भाऊ, माझी बहीण' यात 'माझा-माझी' हे भाऊ-बहिणीच्या लिंगाप्रमाणे बदलतं. बोलणारा बाप्या आहे की बाई, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इटालियनचंही तसंच: मीओ फ्रातेल्लो, मीआ सोरेल्ला. अनेकवचनात मिएई फ्रातेल्ली, मीए सोरेल्ले. इंग्रजीवरून येणारा इथे अडखळतो, आपण नाही. तेव्हा वाक्य जुळवताना मध्ये इंग्रजी आणूच नका.

आता उपपद, म्हणजे इल, ला, ई, ले. इटालियनमध्ये 'माझं पुस्तक' म्हणायचं तर आधी उपपद लागतंच: इल मीओ लीब्रो. नात्याचं माणूस मात्र एकटं असेल आणि नुसतं असेल, तर उपपद गळतं: मीओ पाद्रे (वडील), मीआ माद्रे (आई), मीओ द्झीओ (काका), मीआ नॉन्ना (आजी). 'एकटं' म्हणजे एकवचन. 'नुसतं' म्हणजे त्याला विशेषण किंवा लाडिक शेपूट लागलेलं नाही.

यातली एक अट मोडली की उपपद परत येतं. भाऊ दोन झाले की ई मिएई फ्रातेल्ली. बहिणी दोन झाल्या की ले मीए सोरेल्ले. 'लाडकी आजी' म्हटलं की ला मीआ कारा नॉन्ना. बहिणीचं 'धाकटुली' केलं की ला मीआ सोरेल्लीना. आणि 'लोरो' म्हणजे 'त्यांचा' आला तर माणूस एकटं असो की दहा, उपपद पाहिजेच: इल लोरो पाद्रे, ला लोरो फील्या. तुमचं हे वाक्य बरोबर आहे.

'फामील्या' हा शब्द स्वतः नात्याचं माणूस नाही, त्यामुळे 'ला मीआ फामील्या' असंच राहतं. नियम नुकताच शिकलेला माणूस उत्साहाच्या भरात 'मीआ फामील्या' म्हणून मोकळा होतो. तसं करू नका. मित्र-मैत्रीण, प्रियकर-प्रेयसी यांनाही ही सवलत नाही: इल मीओ आमीको, इल मीओ रागात्सो, इल मीओ फिदांत्सातो. लग्न झाल्यावर मात्र मीओ मारीतो, मीआ मोल्ये. लग्न लागलं की उपपद सुटतं असं लक्षात ठेवा, म्हणजे विसरणार नाही.

'मिएई द्झीइ' मध्ये तुमचं 'ई' राहिलं: ई मिएई द्झीइ. इथे आणखी एक खाच आहे. नुसतं 'काका-काकू' म्हणायचं तर 'ल्यी द्झीइ', कारण त्या 'द्झ'च्या आधी 'ई' चालत नाही, 'ल्यी' लागतं. पण मध्ये 'मिएई' आलं की उपपद 'मिएई'च्या 'म'शी जुळतं, म्हणून ते परत साधं 'ई' होतं. 'ल्यी मिएई द्झीइ' ही चूक ए-२, म्हणजे पुढच्या पातळीपर्यंत दिसते.

सगळ्यात मोठी गोष्ट आदराची. आपण 'वडील शेतकरी आहेत', 'आजी ७८ वर्षांच्या आहेत' असं अनेकवचनात बोलतो. तोच आदर तुमच्या मजकुरात उतरलाय: पाप्पा 'सोनो', नॉन्ना 'आन्नो'. ऐकणाऱ्याला वाटेल बाप दोन-तीन आहेत. इटालियनमध्ये वडील, आजी, पणजी, कुणीही असो, एक माणूस म्हणजे एकवचनी क्रियापद: मीओ पाद्रे ए, मीआ नॉन्ना आ. आदर क्रियापदाच्या वचनात घालू नका, तो तिथे बसत नाही.

हाच आदर 'त्यांचा' या शब्दातूनही नकळत शिरतो. काकांबद्दल बोलताना आपण 'त्यांची मुलगी' म्हणतो. मनात 'त्यांची' आलं की हात 'लोरो'कडे जातो. एकट्या काकांची मुलगी असेल तर 'सूआ फील्या'. काका आणि काकू दोघांची म्हणायची असेल तरच 'ला लोरो फील्या'. बोलण्याआधी मनातला 'त्यांचा' मोडून 'त्याचा' करून बघा, उद्धट वाटलं तरी.

'सूओ-सूआ' मध्ये एक तोटा आहे. मराठीत त्याचा भाऊ आणि तिचा भाऊ वेगळे कळतात, इटालियनमध्ये दोन्ही 'सूओ फ्रातेल्लो'. वर औपचारिक 'आपला भाऊ' हाही 'सूओ फ्रातेल्लो'च. गोंधळ होतोय असं वाटलं की सरळ नाव घ्या: इल फ्रातेल्लो दी पाओलो, इल फ्रातेल्लो दी कार्ला.

वय आणि संख्या दोन्हीकडे क्रियापद 'असणे' नाही, 'जवळ असणे' म्हणजे 'आवेरे'. 'मला एक भाऊ आहे' हे 'ऑ उन फ्रातेल्लो'. 'भाऊ २२ वर्षांचा आहे' हे 'मीओ फ्रातेल्लो आ वेंतिदूए आन्नी', शब्दशः 'भावाजवळ बावीस वर्षं आहेत'. लिहिताना या 'ऑ' आणि 'आ'च्या आधी 'एच' असतो, तो उच्चारत नाहीत. 'घरात आम्ही आठ जण' साठी 'सियामो इन ऑत्तो'. तो 'इन' विसरू नका. 'नोई' गाळा, क्रियापदातच 'आम्ही' आहे, मराठीतल्या 'आलो', 'गेलो'सारखं.

'पारेंती'चं शेवटी सांगतो, कारण ही चूक मराठीची नाही, इंग्रजीची आहे. पारेंती म्हणजे नातेवाईक, सगळा गोतावळा. आई-वडील म्हणजे जेनितोरी. आणखी एक: नुसतं 'ई मिएई' म्हटलं तरी त्याचा अर्थ 'माझे आई-वडील' होतो. 'वीवो कोन ई मिएई' म्हणजे आई-बाबांकडे राहतो.


अंतर्गळ_आवाज

व्याकरण झालं, आता तोंडाचं बघू. घरच्या शब्दांत उच्चार चुकला की अर्थच पालटतो, आणि नेमके आपल्या जिभेला सवयीचे शब्द फसवतात.

वरच्या मजकुरात 'पाप्पा' आहे. दोन 'प' घालून म्हटलेला 'पाप्पा' म्हणजे बाळाला भरवायची पेज किंवा पावाचा लगदा. 'इल मीओ पाप्पा' म्हणजे 'माझी पेज'. एकच 'प' ठेवला पण जोर पहिल्या अक्षरावर दिला, तर 'पापा' म्हणजे रोममधले पोप. वडील हवे असतील तर एकच 'प' आणि जोर शेवटच्या 'पा'वर. लिहितानाही शेवटच्या अक्षरावर जोराची खूण असते. ती गाळली तर कागदावरही पोपच होतात. परीक्षेत सरळ 'पाद्रे' म्हणा, भानगड नको.

आईचं उलटं. 'माम्मा' मध्ये दोन 'म' पाहिजेत. एक 'म' गेला की आपल्या कानाला 'मामा' ऐकू येतो आणि वाक्यात आईच्या जागी मामा उभा राहतो. इटालियन माणसाच्या कानालाही ते खटकतं.

नॉन्नो-नॉन्ना मध्ये 'न' दोन. एका 'न'चा 'नोनो' म्हणजे नववा. 'आन्नी' मध्येही 'न' दोन, आणि इथे तर खबरदारीच घ्या. आपल्या जिभेला 'आणि' म्हणायची सवय आहे. एका 'न'ने 'आनी' म्हटलं तर त्याचा अर्थ शरीराचा मागचा दरवाजा, तोही अनेकवचनात. 'भावाजवळ बावीस…' पुढचं तुम्हीच जुळवा. ही चूक इटालियन शिकवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली असते, पण परीक्षेच्या टेबलावर नको.

जोडाक्षर आपल्याला परकं नाही. 'अण्णा' म्हणताना 'ण'वर जसं थांबतो, 'आक्का' म्हणताना 'क'वर जसं थांबतो, तेवढंच थांबायचं: नॉन्-ना, सोरेल्-ला, फ्रातेल्-लो.

'द्झीओ' (काका) सगळ्यात जास्त चुकतो. 'जावई', 'जाऊ' मधला जो दंत्य 'ज' आहे ना, तोच हवा. अडचण अशी की मराठीत 'ज'ला 'ई' लागली की तो आपोआप 'जीव'मधला तालव्य 'ज' होतो, म्हणून जीभ 'जीओ' म्हणून जाते. 'जा'वई म्हणायला जीभ दातांमागे टेकवा, ती तिथेच धरून 'ई' म्हणा. दहा वेळा 'जा… जा… द्झी' केलं की बसतं. काही इटालियन हाच शब्द 'त्सीओ' म्हणतात, 'चोर'मधल्या 'च'ने. तेही बरोबरच आहे.

उलट 'जेनितोरी' (आई-वडील), 'जेनेरो' (जावई), 'जेमेल्ली' (जुळी), 'कुजीनो' (चुलत-मामे भाऊ) यांत 'जेवण'मधला तालव्य 'ज'. म्हणजे गंमत बघा: जावयाला इटालियनमध्ये म्हणायला 'जावई'चा 'ज' चालत नाही, काकांना मात्र तोच लागतो.

जोराबद्दल थोडक्यात. बहुतेक शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर: सो-रेल्-ला, नि-पो-ते, मा-री-तो. पण 'जेनेरो' आणि 'स्वॉचेरो' (सासरे), 'स्वॉचेरा' (सासू) यांत तो पहिल्या अक्षरावर. 'स्वॉचेरा' मधला 'चे' हा 'चेहरा'चा.

'सी क्यामा' (तिचं/त्याचं नाव) हे स्पेलिंगमध्ये 'सी-एच' दिसतं म्हणून लोक 'चियामा' वाचतात. इटालियनमध्ये 'सी-एच' म्हणजे 'क', कायम.

आणि 'न्वॉरा' म्हणजे सून. ऐकायला 'नवरा' वाटतं, म्हणून सांगून ठेवतो. सासूबाई 'मीआ न्वॉरा' म्हणाल्या तर त्या नवऱ्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल बोलतायत.


गोतावळा

काका-मामाचं कुणी घेतलं नाही अजून, म्हणून मी घेतो.

इटालियनला आपल्याइतकी बारीक नाती नाहीत. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान: सगळे द्झीओ. काकू, मामी, आत्या, मावशी: सगळ्या द्झीआ. चुलत, मामे, आते, मावस भाऊ सगळे कुजीनो, बहिणी कुजीना. परीक्षेत एवढंच पुरतं. बाजू सांगायचीच असेल तर नवीन शब्द शोधू नका, नातं उलगडा: 'इल फ्रातेल्लो दी मीओ पाद्रे' म्हणजे काका, 'ला सोरेल्ला दी मीओ पाद्रे' म्हणजे आत्या, 'इल फ्रातेल्लो दी मीआ माद्रे' म्हणजे मामा. बघा, इथे 'फ्रातेल्लो'ला 'इल' आहे, कारण त्याला 'माझा' लागलेला नाही. 'माझा' पाद्रेला लागलाय, म्हणून पाद्रे नुसता.

अनेक आत्या-मामांपैकी एकाबद्दल बोलायचं असेल तर 'ऊना मीआ द्झीआ' (माझी एक आत्या), 'उन मीओ कुजीनो' (माझा एक चुलतभाऊ). मोठ्या घरातल्या माणसाला हे फार उपयोगी पडतं आणि पुस्तकात उशिरा येतं.

तुमच्या मजकुरात चुलत बहिणीला 'मीआ सोरेल्ला' केलंय. कोल्हापुरात ते बरोबर, कुणी 'चुलत' लावत बसत नाही. इटालियन माणूस मात्र मनात हिशोब करतो: काकांची मुलगी, आणि हिची सख्खी बहीण? तो बिचारा दोन मिनिटं तिथेच अडकतो. 'ए मीआ कुजीना, मा पेर मे ए कोमे ऊना सोरेल्ला' म्हणा: चुलत आहे, पण मला बहिणीसारखी. गोडही वाटतं आणि दोन वाक्यांचे गुणही मिळतात.

निपोते हा सगळ्यात दमछाक करणारा शब्द. नातू, नात, पुतण्या, पुतणी, भाचा, भाची, सहाच्या सहा. पुरुष-बाई फरक फक्त आधीच्या शब्दातून: मीओ निपोते, मीआ निपोते. बोलणारा पंचविशीचा असेल तर भाचा-पुतण्या, सत्तरीचा असेल तर बहुधा नातू. 'निपोतीनो' असं लाडिक म्हटलं तर बहुतेक वेळा नातूच. नेमकं सांगायचं तर तीच युक्ती: इल फील्यो दी मीआ सोरेल्ला.

सासरकडे तर अजून काटकसर. दीर, मेहुणा, दाजी: सगळे कोन्यातो. नणंद, मेहुणी, वहिनी, जाऊ: सगळ्या कोन्याता. साडूलाही बोलताना कोन्यातोच म्हणतात. जावा-जावांमधलं राजकारण इटालियनमध्ये सांगायचं तर 'ला मोल्ये देल फ्रातेल्लो दी मीओ मारीतो' एवढी लांब शेपटी लागते.

पण एका ठिकाणी इटालियन आपल्या बरोबरीला येते. व्याही आणि विहीणबाई! त्यांच्याकडे कोन्स्वॉचेरो आणि कोन्स्वॉचेरा असे खास शब्द आहेत. इंग्रजीत याला एक शब्द नाही. लग्नाच्या फोटोवर बोलताना वापरा, समोरचा खूश होतो.

पुरुषी अनेकवचनात दोन्ही येतात, हे धरून ठेवा. 'ई नॉन्नी' म्हणजे आजी-आजोबा, 'ल्यी द्झीइ' म्हणजे काका-काकू, 'ई फील्यी' म्हणजे मुलं-मुली. म्हणून कुणी 'आई फ्रातेल्ली?' विचारलं तर प्रश्न 'भावंडं आहेत का?' असा आहे. (तो 'आई' म्हणजे 'तुझ्याजवळ आहे', आपली आई नव्हे.) फक्त बहिणी असतील तर 'नो' म्हणू नका. 'सी, ऑ दूए सोरेल्ले' म्हणा. एकुलतं एक असाल तर मुलगा 'सोनो फील्यो ऊनिको', मुलगी 'सोनो फील्या ऊनिका'.

आता एकत्र कुटुंब. शब्दकोशात शोधलं की 'फामील्या आल्लार्गाता' हाती लागतं, अक्षरशः 'रुंदावलेलं कुटुंब'. वापरू नका. आजच्या इटालियनमध्ये त्याचा अर्थ बहुधा घटस्फोटानंतर दोघांनी आपापली आधीची मुलं घेऊन मांडलेला नवा संसार असा होतो. 'फामील्या नुमेरोसा' म्हटलं तर भरपूर मुलांचं घर. एकत्र कुटुंबासाठी शब्द नको, वाक्य करा: 'वीव्यामो तूत्ती इन्स्येमे: मीआ नॉन्ना, ई मिएई जेनितोरी, ई मिएई द्झीइ ए मीआ कुजीना.' सगळे एकत्र राहतो, आजी, आई-वडील, काका-काकू आणि चुलत बहीण.

हाक मारण्याचं वेगळं. आपण 'सुमनमावशी' म्हणतो, नाव आधी, नातं मागून. तिकडे उलट: द्झीआ सुमन, नॉन्ना लुचीआ. दादा-ताईला हाक मारायला शब्दच नाही, नावानेच हाक. आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला 'काका' किंवा 'मामा' म्हणायची आपली सवय तिथे सोडा. 'स्कूझी, सिन्योरा' किंवा 'स्कूझी, सिन्योरे'. मिलानची पोरं एकमेकांना 'द्झीओ' म्हणतात, पण ते आपल्या 'भावा'सारखं. 'फ्रातेल्लो'चा तुकडा करून 'फ्रा' हेही तसंच. वर्गमित्राला 'चाओ, फ्रा' चालेल, परीक्षकाला नाही.


उपपद_विरोधी

वर 'विशेषण लागलं की उपपद येतं' असं ठाम लिहिलंय, त्यात थोडी भर. 'थोरला भाऊ' म्हणायला पुस्तकं 'इल मीओ फ्रातेल्लो माज्जोरे' सांगतात, पण बोलताना 'मीओ फ्रातेल्लो माज्जोरे' सर्रास ऐकू येतं आणि कुणी चूक धरत नाही. 'धाकटा'साठी 'मिनोरे', तिथेही तसंच. माम्मा आणि पापा (शेवटी जोर) यांचंही: 'ला मीआ माम्मा' आणि 'मीआ माम्मा' दोन्ही चालतं. तोस्काना भागात वडिलांना 'बाब्बो' म्हणतात, तिथे 'इल मीओ बाब्बो' असं उपपदासकटच. आपल्या 'बाबा'च्या इतका जवळचा शब्द इटालियनमध्ये दुसरा नसेल.


व्याकरणवाला_राजारामपुरी

मान्य. परीक्षेत लेखी पेपरात मात्र उपपदासकट लिहा. तिथे 'सर्रास ऐकू येतं' चालत नाही.


पेठेतली_शिकाऊ

बापरे, 'माझी पेज शेतकरी आहेत' असं लिहिलं होतं तर.

आणखी तीन गोष्टी. वडील ऊस लावतात, काका फाउंड्रीत आहेत, हे कसं सांगायचं? परीक्षेत कुटुंबाचा फोटो दाखवून कोण कोण आहे ते सांगायचं असतं, त्याला वाक्यं कशी? आणि आजोबा गेले, ते सांगताना 'मेले' असं वाटायला नको.


गोतावळा

धंदा सांगायला दोन वाटा. 'मीओ पाद्रे ए कोंतादीनो' बरोबर आहे, पण बोलण्यात 'फा इल कोंतादीनो' जास्त: 'शेतकऱ्याचं काम करतो'. 'ए' सोबत उपपद नाही, 'फा' सोबत उपपद पाहिजे. हे उलटसुलट झालं की लगेच कानाला खटकतं. आई: 'मीआ माद्रे फा ला माएस्त्रा'. ऊस म्हणजे कान्ना दा द्झूक्केरो: 'मीओ पाद्रे कोल्तीवा ला कान्ना दा द्झूक्केरो'. काका: 'मीओ द्झीओ लावोरा इन ऊना फोंदेरीया'. फोंदेरीया म्हणजे फाउंड्रीच, शिरोलीला दाखवता येईल अशी. निवृत्त माणसासाठी 'ए इन पेन्स्योने'.

फोटोसाठी आधी जागा, मग ओळखायची खूण, मग नातं. समजा रंकाळ्यावरचा फोटो आहे, कठड्याला टेकून सगळे उभे, आजी मध्ये बसलेली:

'ला सिन्योरा सेदूता आल चेंत्रो ए मीआ नॉन्ना.' मध्ये बसल्यात त्या आजी.
'क्वेल्लो आ देस्त्रा, कोन ल्यी ओक्क्याली, ए मीओ द्झीओ.' उजवीकडचे चष्मेवाले काका.
'आ सिनीस्त्रा चे मीआ माद्रे.' डावीकडे आई.
'द्येत्रो चे मीओ फ्रातेल्लो.' मागे भाऊ.

'चे' म्हणजे 'तिथे आहे', एका माणसासाठी. दोघं-तिघं असतील तर 'ची सोनो': 'द्येत्रो ची सोनो ई मिएई द्झीइ'. बाईकडे बोट दाखवताना 'क्वेल्ला', पुरुषाकडे 'क्वेल्लो'. फोटोत एखाद्याचं नातं अवघड असेल, म्हणजे आत्याच्या जावेचा मुलगा वगैरे, तर 'ए उन पारेंते' म्हणून पुढे सरका. पारेंते इथे बरोबर बसतो.

आजोबांसाठी 'मीओ नॉन्नो नॉन चे प्यू'. 'आजोबा आता नाहीत', मराठीसारखंच. 'ए मॉर्तो' म्हणजे 'वारले', तेही असभ्य नाही, तारीख-वर्ष सांगताना तेच वापरतात.


अर्ज_भरणारा

परीक्षेपुरतं नाही, पण इथे शोधत येणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे व्हिसाचे किंवा विद्यापीठाचे फॉर्म भरतात, म्हणून लिहितो.

फॉर्मवर 'कोन्योमे' दिसलं की ते आडनाव. 'कोन्यातो'शी (मेहुणा) त्याचा संबंध नाही, पण वाचताना फसतं. 'नोमे' म्हणजे नाव. आपलं मधलं वडिलांचं नाव कुठे घालायचं, हा घोळ नेहमीचा. पासपोर्टवर ते ज्या रकान्यात छापलंय त्याच रकान्यात इथेही, स्वतःच्या मनाने हलवू नका.

'स्तातो चिवीले' म्हणजे वैवाहिक स्थिती. तिथे बोलण्यातले शब्द नसतात. अविवाहित पुरुष चेलिबे, अविवाहित स्त्री नूबिले (दोन्हीत जोर पहिल्या अक्षरावर), विवाहित कोन्युगातो किंवा कोन्युगाता. बोलताना मात्र स्पोझातो-स्पोझाता.

'ग्रादो दी पारेंतेला' या रकान्यात नातं लिहायचं असतं. इथे चुलतभावाला 'फ्रातेल्लो' लिहू नका. सोबतच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावं वेगळी दिसतात आणि कागद अडतो. 'कुजीनो' म्हणजे कुजीनोच.

'स्तातो दी फामील्या' नावाचा दाखला तिकडची नगरपालिका देते. त्यात एका पत्त्यावर, एका घरात राहणारी माणसं असतात. इचलकरंजीची आत्या त्यात बसत नाही.

सासरच्यांशी बोलायची वेळ आली तर सुरुवात 'लेई'ने करा, म्हणजे 'अहो-जाहो'ने. क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी: 'कोमे स्ता, सिन्योरा?' त्या 'दाम्मी देल तू' म्हणाल्या की 'अगं-तूगं'वर या. आपल्याकडे सासूला 'अगं' म्हणणं अवघड जाईल, पण सांगितल्यावरही 'लेई'च धरून बसलं तर त्यांना दुरावा वाटतो. स्वतःच्या आई-आजीला आज बहुतेक ठिकाणी सरळ 'तू'.


पेठेतली_शिकाऊ

नवा मजकूर. बघा एकदा:

"ला मीआ फामील्या ए ग्रांदे: सियामो इन ऑत्तो. वीव्यामो तूत्ती इन्स्येमे आ कोल्हापूर. मीओ पाद्रे फा इल कोंतादीनो ए कोल्तीवा ला कान्ना दा द्झूक्केरो. मीआ माद्रे फा ला माएस्त्रा. मीओ फ्रातेल्लो आ वेंतिदूए आन्नी. मीआ नॉन्ना आ सेत्तान्तॉत्तो आन्नी. मीओ नॉन्नो नॉन चे प्यू. कोन नोई आबितानो ई मिएई द्झीइ. मीओ द्झीओ लावोरा इन ऊना फोंदेरीया. ला लोरो फील्या ए मीआ कुजीना, मा पेर मे ए कोमे ऊना सोरेल्ला. ला मीआ द्झीआ, ला सोरेल्ला दी मीओ पाद्रे, आबिता आ इचलकरंजी."


व्याकरणवाला_राजारामपुरी

एकच चूक उरली, शेवटच्या वाक्यात. आत्या एकटी आणि नुसती आहे: 'मीआ द्झीआ, ला सोरेल्ला दी मीओ पाद्रे'. पहिला 'ला' काढा, दुसरा ठेवा.

शिवाय 'ला लोरो फील्या'च्या आधीचं वाक्य एकट्या काकांचं आहे, त्यामुळे 'लोरो' कोणाचं ते ऐकणाऱ्याला क्षणभर शोधावं लागतं. फोंदेरीयाचं वाक्य चुलत बहिणीच्या नंतर टाका, म्हणजे 'द्झीइ'च्या लगेच मागे 'लोरो' येईल.

सावकाश बोललं तर हे साधारण मिनिटभराचं होतं, उरलेल्या वेळात परीक्षक विचारणार. त्यांचे नेहमीचे प्रश्न: 'कोमे सी क्यामा तूओ फ्रातेल्लो?', 'के लावोरो फा तूआ माद्रे?', 'क्वांती आन्नी आ?'. उत्तर देताना 'तूओ'चं 'मीओ' करायला विसरतात लोक. प्रश्नातलाच शब्द उचलून 'तूओ फ्रातेल्लो सी क्यामा…' म्हटलं तर तुमच्या भावाचं नाव परीक्षकाच्या भावाला चिकटतं.